लाहूचे जाळे : परत करणे बाकी

मी, बुधीबाई धाकल्या वरठा, वय चौऱ्याहत्तर (आधार कार्डावर एकाहत्तर आहे ते चूक आहे, माझ्याहून चार वर्षांनी धाकटा भाऊच सत्तरचा आहे), काम घरचं आणि शेतीचं, राहणार झरी, तालुका तलासरी, जिल्हा पालघर, माझ्यामागे काय कोणाचं ते स्वतःच्या हाताने शंभर पानी वहीत निळ्या पेनाने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं डहाणूचे वकील प्रविणभाऊ म्हणाले. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. उलट मी लिहायला बसले ही बातमी पसरल्यापासून घरातले सगळे माझ्याशी इतके गोड वागतात की हे काम मी दहा वर्षं आधीच काढायला हवं होतं. धाकटा मुलगा संदीप, ज्याचं अच्छाडला ट्रकच्या टायरचं दुकान आहे, तो परवा घोलवडहून चिकूची पेटी घेऊन आला. थोरला मुकेश हात टेकायची खुर्ची घेऊन आला. त्याच खुर्चीत बसून लिहिते आहे. खुर्ची फार चांगली आहे. तळं तरी त्याला मिळणार नाही.

तळ्याचं पुढे येईल. आधी साहेबांचं लिहिलं पाहिजे, कारण मी जे काही वाटून देणार ते त्यांनी जमवलेलं नाहीतर त्यांनी वाचवलेलं आहे.

साहेब म्हणजे माझे यजमान, कै. धाकल्या नवश्या वरठा. मत्स्य खात्यात शिपाई म्हणून लागले आणि मासे खात्याचे अधिकारी होऊन सुटले. आमच्या पाड्यावरून पहिलाच माणूस खुर्चीवर बसला, म्हणून सगळे साहेब म्हणायला लागले. मीही म्हणायला लागले, आधी थट्टेने, मग सवयीने. डहाणूच्या सरकारी खोल्यांमध्ये आमची जन्मभराची नोकरी गेली. आमची म्हणते, कारण ते घरी आले तरी ऑफिस सुटत नव्हतं. एकदा मला चिठ्ठी ठेवून गेले होते, "सौ. बुधीबाई यांना कळविण्यात येते की आज संध्याकाळी उशीर होईल, जेवून घ्यावे." खाली सही आणि तारीख. दोन वर्षांपूर्वी वारले. माणूस फार मायेचा होता. माया कशी करायची हे मात्र खात्यात शिकला होता.

कलम पहिले. झरीचं राहतं घर दोन्ही मुलांचं अर्धं अर्धं. मधली भिंत घालायची असेल तर मी गेल्यावर घालावी. ओटा वाटायचा नाही. ओट्यावर कोणीही बसेल.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते दोघांनी सारखं घ्यावं. किती आहे ते लिहीत नाही. लिहिलं तर खुर्ची परत जाईल.

कलम तिसरे. साहेबांची लाकडी मापपट्टी माझी नात रविना, मुकेशची मुलगी, हिला द्यावी. या पट्टीवर मासा आडवा ठेवून तोंडापासून शेपटीपर्यंत मोजतात. आमच्या घरात तिच्यावर मुलं मोजली. दवाखान्यातून बाळ आणलं की साहेब पट्टी पुसून त्यावर फडकं घालायचे आणि बाळाला झोपवून पाय सरळ करायचे. मी ओरडायचे, "अहो, पोर आहे ते!" ते म्हणायचे, "हात धर, हलतंय." पट्टीच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं आहे. मुकेश एकोणपन्नास सेंटिमीटर. संदीप एक्कावन्न. संदीपला हे अजून पुरतं, भांडण झालं की म्हणतो, मी मोठा. रविना अपुऱ्या दिवसांची, तिची आई बाळंतपणाला डहाणूला आमच्याकडे होती; बेचाळीस भरली. तिच्या नावापुढे साहेबांनी लिहिलं, "सोडण्यास लहान. जपून ठेवावे." मग दोन महिने रोज संध्याकाळी मोजायचे. पन्नास भरली त्या दिवशी सगळ्या खोल्यांमध्ये पेढे वाटले. शेजारच्यांना वाटलं साहेबांना बढती मिळाली.

कलम चौथे. बिडाची मोठी कढई सून भारती, मुकेशची बायको, हिला द्यावी. ही कढई मी मासे तळायला घेतली होती आणि तीस वर्षं तिच्यात भजी तळली. कारण असं की साहेब ज्यांच्या होड्या तपासायचे त्यांच्याकडचा मासा घरात येऊ द्यायचे नाहीत, आणि बाजारात बसणाऱ्या सगळ्या बाया त्याच होडीवाल्यांच्या. विकत घ्यायला गेले तर दोन वर चार घालून देणार. म्हणून विकतही नको. डहाणूत समुद्र ऐकू येईल एवढ्या अंतरावर राहून आमच्याकडे वांगी. मी खेकडे पकडून मोठी झालेली बाई, मला रडू यायचं.

धाकटी डहाणूची जमना पागधरे तीनदा पापलेट घेऊन आली. तिन्ही वेळा साहेबांनी मला परत द्यायला पाठवलं, हातात पिशवी आणि वर ऊन. तिसऱ्या वेळी जमना माझ्याबरोबर चालत आमच्या दारात आली आणि बाहेरूनच म्हणाली, "काय हो साहेब, माझ्या पोरीच्या लग्नात तीन वेळा वाढून घेतलंत, तेव्हा पापलेटाचा बाप कोण, विचारलंत काय?"

साहेब म्हणाले, "ते पंगतीत होतं. पंगतीला नियम नाही."

त्यानंतर जमना दर महिन्याला कसली ना कसली पंगत काढायची. नातवाचे दात आले, पंगत. होडीला रंग दिला, पंगत. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि आम्हां सगळ्यांना घेऊन जायचे. जमनाला या मृत्युपत्रात काही ठेवलेलं नाही. का ते शेवटी कळेल (ही ओळ नंतर घातली).

कलम पाचवे, म्हणजे तळं.

झरीची ती जमीन मला माझ्या वडिलांकडून आली. वरचा कोरडा तुकडा भाऊ लाहूला, खालचा दलदलीचा मला. भात लावलं की मुळं कुजायची. सगळे म्हणाले, बुधीला चिखल मिळाला. साहेब रविवारी बघायला आले, चिखलात उभे राहिले, आणि लग्नात हसले नव्हते एवढे हसले. "हे शेत नाही, बुधी," म्हणाले, "हे तळं आहे. फक्त त्याला कोणी सांगितलेलं नाही."

दोन उन्हाळे आम्ही चौघांनी खणलं. लाहूनेही खणलं, पंधरा दिवस, दुपारी माझ्याकडची भाकर खाऊन. पाणी लाहूच्या शेतातल्या ओहोळातून येतं, बांधाखालच्या मोरीतून. हे लिहून ठेवते, कारण मोरी बंद तर तळं बंद.

पहिलं बी, म्हणजे माशांची पिल्लं, साहेबांनी स्वतः आणलं, पिशवीत. पिशवी फोडून मासे धाडकन पाण्यात टाकायचे नसतात. पिशवी तशीच बांधलेली अर्धा तास तळ्यावर तरंगत ठेवायची, आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं ऊनथंड होऊ द्यायचं, मग तोंड उघडायचं. मासे आपण होऊन बाहेर जातात. घाई केली तर मरतात. साहेबांनी हा नियम माणसांनाही लावला. भारती लग्न होऊन झरीच्या घरी आली तेव्हा त्यांनी आठ दिवस तिला कोणी काम सांगायचं नाही असा घरात हुकूम काढला. मी म्हटलं, "सून आहे की पाहुणी?" तर म्हणाले, "पिशवी तरंगू दे." नवव्या दिवशी भारती आपण होऊन तळ्यावर गेली आणि माशांना कोंडा टाकून आली. तेव्हापासून, बाळंतपण सोडलं तर, चोवीस वर्षं रोज सकाळी टाकते. ती काठावर आली की मासे तोंड वर काढतात. माझ्या मुलांना बघून एकही मासा तोंड वर काढत नाही.

आता मुलांचं म्हणणं असं की रस्ता मोठा होतोय, तर तळं बुजवून सपाट करू आणि ट्रक उभे करायला देऊ. संदीपने मला मोबाइलमध्ये चित्र दाखवलं. "आये, इथे वीस गाड्या लागतील." मी म्हटलं, "आणि मासे?" तर म्हणाला, "मासे बाजारात मिळतात ना." साहेबांचा मुलगा हे वाक्य बोलला. बरं झालं ते ऐकायला नाहीत, नाहीतर मापपट्टी घेऊन उठले असते.

तर तळं, काठावरचे सात ताड आणि कोंड्याची कोठी धरून, माझी सून भारती मुकेश वरठा हिला. मुकेशला नाही, भारतीला. बुजवायचं नाही. तिच्यामागे रविनाला. ज्याला ट्रक लावायचे असतील त्याने ते मी दिलेल्या अर्ध्या घरात लावावेत.

कलम सहावे. यात एक जाळं आहे, आणि हे कलम मी चार वेळा लिहून पान फाडलं आहे.

सन एकोणीसशे चौऱ्याण्णव. माझी शाळा दुसरीपर्यंतची, ती मी केव्हाच विसरले होते. रेशनला, बँकेला अंगठाच. त्या वर्षी साहेबांनी मला सही शिकवली, ऑफिसातल्या वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर. बुधीबाई धाकल्या वरठा, एवढं आलं. वाचता येत नव्हतं, पण एवढं लिहिता यायला लागलं आणि मला कसली मजा वाटायला लागली! दुधवाल्याच्या वहीत सही, पोस्टमनने काही दिलं नसलं तरी सही, कॅलेंडरवर सही. कागद दिसला की मी पेन शोधायचे.

तळ्यात बी सोडून तीन महिने झाले होते. मासे बोटाएवढे. लाहूच्या थोरल्या मुलीला बघायला पाहुणे आले, वीसेक माणूस. पाहुण्यांना जेवायला काय? लाहूने आपलं जाळं काढलं, करंगळी जाणार नाही इतक्या बारीक डोळ्यांचं, आणि तळ्यात टाकलं. बहिणीचं तळं, स्वतः खणलेलं, त्याने कोणाला विचारायचं? दोन टोपल्या बोटुकली वर काढली. तेवढ्यात आमची स्कूटर आली.

साहेब उतरले. टोपल्यांकडे बघितलं. मला वाटलं रडतात की काय. मग त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि पंचनामा लिहायला बसले, बांधावर, पाहुण्यांसमोर. जाळं जप्त. पंच हवे होते. पाहुण्यांतलं कोणी पुढे येईना. साहेबांनी कागद माझ्यापुढे केला, "इथे सही कर."

आणि मी केली. काय लिहिलंय ते न विचारता केली. मोठ्या अक्षरात, जीभ बाहेर काढून, एवढे लोक बघताहेत म्हणून आणखी सावकाश. वर मान करून हसलेसुद्धा, की बघा, मला येतं.

लाहू माझ्याकडे बघत होता. मी त्याला कडेवर घेऊन फिरवलेला भाऊ. म्हणाला, "बाय, सही शिकलीस ती याच्यासाठी काय?"

त्यानंतर एकतीस वर्षं माझ्याशी बोलला नाही. मुलीचं लग्न त्याच घरी ठरलं, आम्हाला बोलावणं नव्हतं. आणि मी त्याच पावसाळ्यात वाचायला शिकले. जे वाचता येत नाही त्यावर पुन्हा सही करणार नाही, असं साहेबांना सांगितलं. आज हे लिहिते आहे ते त्याच्यामुळे.

पण खरी गंमत पुढेच आहे. तो पंचनामा वरच्या ऑफिसात गेला आणि महिनाभराने जाळ्यासकट परत आला. वर शेरा, "तळे खाजगी आहे. खात्याचा संबंध नाही. जाळे मालकास परत करावे." म्हणजे साहेबांना ते जाळं उचलायचा अधिकारच नव्हता. नियमाचा एवढा पक्का माणूस, जन्मात एकच जप्ती चुकीची केली आणि ती मेव्हण्याची केली.

जमनाचं पापलेट दोन तासांत परत करणारा माणूस, त्याला हे जाळं परत करता आलं नाही. दर रविवारी ठरवायचे. लाहूचं घर दोन शेतं पलीकडे. ताडापर्यंत जायचे, थांबायचे, परत यायचे आणि म्हणायचे, "घरी नव्हता." लाहूचा खोकला आमच्या ओट्यावर ऐकू येत होता. मी म्हणायचे, "द्या, मी देऊन येते." तर म्हणायचे, "मी नेलं, मीच देणार." दर उन्हाळ्यात जाळं काढून वाळवायचे, सुई-दोरा घेऊन काहीतरी करत बसायचे आणि पुन्हा माळ्यावर ठेवायचे. त्यांच्या एकोणतीस डायऱ्या आहेत. प्रत्येकीच्या शेवटच्या पानावर एकच ओळ, "लाहूचे जाळे : परत करणे बाकी."

आणि लाहूचं म्हणाल तर त्याने एवढ्या वर्षांत एकदाही मोरी बंद केली नाही. एका वर्षी पाऊस ओढला, सगळे आपापलं पाणी अडवून बसले, तेव्हा भारतीने त्याला पहाटे मोरीतला गाळ कुदळीने काढताना पाहिलं. तिला बघून म्हणाला, "तुझ्या सासऱ्याला सांगू नको." साहेब गेले तेव्हा त्याने खांदा दिला. माझ्याशी बोलला नाही. बोलणं बंद, पाणी चालू, असा माझा भाऊ.

सबब, सदर जाळे माझ्या मरणानंतर माझा भाऊ लाहू हाडळ यास द्यावे, व मुकेश-संदीप यांनी त्याच्या पाया पडावे.

वरचं कलम सहावे आज रद्द केलं आहे. का, ते लिहिते.

प्रविणभाऊ काल वही वाचून म्हणाले, दोन साक्षीदार लागतील. मी म्हटलं, एक जमना. दुसरा लाहू. माझी सही पहिल्यांदा ज्याला लागली, त्यानेच माझी शेवटची सही बघावी. प्रविणभाऊ म्हणाले, "आजी, ज्याला काही मिळतंय त्याला साक्षीला घेऊ नका. उद्या तुमचीच मुलं कोर्टात बोट दाखवतील." बाहेर संदीप टायरला हवा भरत होता, तो एकदम थांबला. म्हणजे लाहूला एक तर जाळं, नाहीतर साक्ष.

मी म्हटलं, त्याला विचारा. रविना गेली. परत आली ती हसत. लाहू म्हणाला होता, "तुझ्या आजीला सांग, पंच म्हणून येईन. मला पंच कसा करतात ते माहीत आहे."

आज सकाळी आला. पांढरा सदरा, हातात काठी. ओट्यावर बसला. मी आत जाळं घेऊन उभी. भारती चहा घेऊन निघाली तर तिला मीच धरलं. म्हटलं, पिशवी तरंगू दे. अर्धा तास कोणी काही बोललं नाही. जमनासुद्धा बोलली नाही, यावर तिच्या गावात कोणी विश्वास ठेवणार नाही.

मग मी बाहेर गेले आणि जाळं त्याच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, "हे मेल्यावर द्यायचं होतं. वकील नको म्हणतात. आत्ताच घे."

त्याने उलगडलं. एकेक हात पुढे ओढून बघितलं, जसं बाजारात बघतात. शेवटच्या टोकापर्यंत बघितलं. मग मान हलवली.

"बाय, हे माझं नाय."

मी वाकून जाळ्याकडे बघितलं.

"माझं तीन ठिकाणी फाटलेलं होतं," तो म्हणाला. "हे कुठेच फाटलेलं नाय."

मी साहेबांच्या डायऱ्या आणल्या. एकेकीचं शेवटचं पान त्याला वाचून दाखवलं. दहाव्या डायरीनंतर तो म्हणाला, "पुरे. कळलं." मग नाक पुसलं आणि म्हणाला, "डोळे अजून बारीकच आहेत."

मी म्हटलं, "तळ्यात टाकशील तर भारती पंचनामा करील."

"करू दे," तो म्हणाला. "सही तू करू नको म्हणजे झालं."

जमना आधी हसली, मग आम्ही. दुपारी तिने आणलेलं पापलेट कढईत तळलं, त्या कढईतला समुद्राचा पहिला मासा. संदीप म्हणाला, हे पंगतीत धरायचं ना? धरलं.

कलम सहावे रद्द, कारण जाळे परत केले. बाकीची पाच कलमं कायम. हे सगळं मला समजतं, मीच लिहिलं आहे, आणि आता सही करते.

ठिकाण : झरी, ता. तलासरी, जि. पालघर
तारीख : ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

लिहून ठेवणार : बुधीबाई धाकल्या वरठा (सही)

साक्षीदार पहिला : जमना पागधरे, राहणार धाकटी डहाणू. मला यातलं काही मिळत नाही, मी जेवून चालले. (सही)

साक्षीदार दुसरा : लाहू हाडळ, राहणार झरी. मला यातलं काही मिळत नाही. बहिणीने माझ्यासमोर सही केली. सही करण्याआधी तिने सगळं वाचलं, ते मी बघितलं. (सही)